अनुदान मंजूर, पण खात्यात का नाही? नव्या खातेदाराने कागद कोणत्या क्रमाने लावावेत

वडिलांच्या पश्चात जमीन नावावर आलेली असो, वाटणी होऊन स्वतंत्र खाते झालेले असो, की नोकरी सोडून गावी परत येऊन शेती हातात घेतलेली असो, पहिल्याच वर्षी हा प्रश्न पडतो: बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याच्या खात्यात पैसे आले, आपल्या का नाहीत? बहुतेक वेळा उत्तर एकच असते. पैसे कुणी अडवलेले नसतात, नोंदी जुळलेल्या नसतात.

केंद्राचा पैसा असो की राज्याचा, देण्यापूर्वी चार नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. माणूस कोण, हे आधारवरून. जमीन किती, हे सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) यांवरून. पेरले काय, हे ई-पीक पाहणीवरून. पैसे कुठे टाकायचे, हे बँकेच्या आधार सीडिंगवरून. चारपैकी एक जरी विसंगत निघाली, तर रक्कम थांबते आणि तसे कळवायला घरी कुणी येत नाही. म्हणून दुरुस्ती पुढे दिलेल्या क्रमाने करावी. सातबाऱ्यावरचे नाव चुकीचे असताना फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढायला गेलात, तर तीच चूक पुढच्या सगळ्या योजनांत उतरते आणि मग चार ठिकाणी हेलपाटे पडतात.

कोणता पैसा कशावर मिळतो

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये जमिनीवर मिळतात, पिकावर नाही. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० त्याच यादीच्या आधाराने येतात. म्हणजे पीएम किसान अडकले की वर्षाचे १२,००० अडकतात. याउलट अतिवृष्टीची मदत किंवा एखाद्या पिकासाठी जाहीर झालेले अर्थसाहाय्य पिकाच्या नोंदीवर ठरते. ठिबक, अवजारे यांचे अनुदान खरेदीच्या बिलावर मिळते आणि त्यासाठी महाडीबीटी या राज्याच्या अनुदान पोर्टलवर स्वतंत्र अर्ज लागतो. पीक विमा हा तर अनुदानाचा प्रकारच नाही. तो करार आहे, त्याचा हप्ता आपण भरतो (खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला १.५, नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत) आणि भरपाईचे नियम वेगळे. ‘शासनाचे पैसे’ म्हणून हे सगळे एकत्र समजले की चुकीच्या कार्यालयात दिवस जातो. पीएम किसानची चौकशी विमा कंपनीकडे आणि विम्याची तलाठ्याकडे करणारे लोक प्रत्येक तालुक्यात भेटतात.

आधी सातबारा

महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. प्रत्येक गटाचा काढा, आठ-अ काढा, आणि आधार कार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. सातबाऱ्यावर ‘ज्ञानू’ आणि आधारवर ‘ज्ञानदेव’. सातबाऱ्यावर आडनाव नाही. सासरचे नाव आधारवर आणि माहेरचे सातबाऱ्यावर. हे तीन प्रकार सर्वांत जास्त सापडतात.

चूक कुठे आहे यावर उपाय ठरतो. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर नाव बरोबर होते आणि संगणकावर चढवताना बिघडले असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज करायचा, सोबत हस्तलिखित उताऱ्याची नक्कल जोडायची. सातबारा बरोबर आणि आधार चुकीचे असेल, तर आधार दुरुस्त करणे सोपे आणि लवकर होणारे.

उताऱ्यावर अजून वडिलांचे किंवा आजोबांचेच नाव असेल तर वारस नोंद आधी. कायद्याप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत वर्दी द्यायची असते. उशीर झाला म्हणून नोंद नाकारली जात नाही, पण लांबते. अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र, आधारच्या प्रती, आठ-अ. त्यानंतर फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) धरला जातो, १५ दिवसांची नोटीस निघते, कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. बहिणींची नावे गाळून नोंद करायला जाऊ नका. ते अन्यायाचे आहेच, शिवाय हरकत आली की फेरफार तक्रारी नोंदवहीत जातो आणि तोवर सगळ्यांचेच पैसे थांबतात. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम याच कामासाठी होती. तेव्हा राहून गेलेल्यांनी आता नेहमीच्या मार्गाने अर्ज करावा.

उताऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. १ हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजे जवळजवळ अडीच एकर. एक आर आणि एक गुंठा जवळपास सारखेच. ०.४० असे दिसले तर ते ४० आर, म्हणजे साधारण एक एकर. हे डोक्यात पक्के बसू द्या, पुढे ई-पीक पाहणीत याच जागी घोटाळा होतो.

फार्मर आयडी

राज्याच्या कृषी विभागाने १५ एप्रिल २०२५ पासून योजनांसाठी केंद्राच्या डिजिटल शेतकरी नोंदणीचा, म्हणजे अ‍ॅग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक केला. सीएससी (सामायिक सेवा) केंद्रात किंवा स्वतः पोर्टलवर नोंदणी करता येते. आधारला जोडलेला मोबाइल हातात हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. तो नंबर बंद पडला असेल, तर पहिली फेरी आधार केंद्राची.

नोंदणीत दोन चुका वारंवार होतात. पहिली, सगळे गट जोडले जात नाहीत. दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या तालुक्यात तुमचे १५ गुंठे असतील तर तेही त्याच नोंदणीत जोडायचे असतात. केंद्रचालक घाईत असला की गावातला एक गट दाखवून अर्ज पुढे ढकलतो. स्वतः आठ-अ घेऊन बसा आणि एकेक गट क्रमांक पडद्यावर आला का ते बघा. दुसरी, नोंदणी केल्यावर मिळणाऱ्या क्रमांकालाच लोक फार्मर आयडी समजतात. तो फक्त अर्जाचा क्रमांक असतो. महसूल विभागाची मान्यता झाल्यावर जो ११ अंकी क्रमांक मिळतो, तो खरा. आधार आणि सातबाऱ्यावरचे नाव कमी जुळत असेल तर अर्ज मान्यतेसाठी तलाठ्याकडे जातो आणि तिथे पडून राहू शकतो. आठवडाभराने स्थिती पाहा, ‘प्रलंबित’ दिसले तर अर्ज क्रमांक आणि उतारे घेऊन समक्ष भेटा. (तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे आणि कृषी सहायकांचे सहायक कृषी अधिकारी. अर्जात नवे पदनाम लिहावे, बोलताना जुनेच चालते.)

बँक: लिंक वेगळे, सीडिंग वेगळे

‘आधार बँकेला लिंक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. थेट लाभाचे पैसे खाते क्रमांकावर न येता आधार क्रमांकावर पाठवले जातात, आणि तो आधार कोणत्या बँकेकडे वळवायचा हे एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीवरून ठरते. त्या नोंदीत एका आधारसमोर एकच बँक असते. तुम्ही मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खाते उघडले आणि तिथल्या अर्जावर थेट लाभाच्या रकान्यात खूण केली, तर त्या दिवसापासून सगळे पैसे तिकडे जातात. ‘हप्ता आलाच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचा हप्ता असा विसरलेल्या खात्यात बसलेला असतो. माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितले की बँकेचे नाव आणि सीडिंग चालू की बंद, दोन्ही कळते. बदल करायचा तर हव्या त्या बँकेत ‘थेट लाभ हस्तांतरणासाठी आधार सीडिंग’ असे स्पष्ट लिहिलेला फॉर्म द्या. नुसता केवायसीचा फॉर्म पुरत नाही.

आपत्तीची मदत बँकेने पीककर्जात वळती करून घेतल्याची तक्रार दरवर्षी होते. मदतीच्या शासन निर्णयात अशी वसुली करू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. त्या निर्णयाची प्रत शाखाधिकाऱ्यांना अर्जासोबत द्या.

ई-पीक पाहणी: याला अर्धा दिवस काढा

१५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद स्वतः शेतकऱ्याने मोबाइलवरून करायची पद्धत राज्यात सुरू झाली. ही नोंद सातबाऱ्यातल्या गाव नमुना १२ मध्ये जाते. हिचे महत्त्व २०२४ मध्ये स्पष्ट दिसले. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी राज्याने अर्थसाहाय्य दिले: ०.२० हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राला सरसकट १,००० रुपये, त्याहून जास्त असेल तर हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत. शेतात कापूस उभा होता पण ई-पीक पाहणी नव्हती, अशांची नावे पहिल्या यादीत आली नाहीत. पुढे सातबाऱ्यावरच्या नोंदीचा विचार झाला, पण तोवर धावपळ पुष्कळ झाली. सामाईक खातेदारांना तर एकाच्या नावे पैसे घेण्यासाठी बाकीच्यांचे ना-हरकत पत्र द्यावे लागले. भाऊ पुण्यात, बहीण सासरी, सह्या गोळा होता होता महिने गेले.

नोंद अशी करा. शेतात जाण्यापूर्वी घरी, जिथे रेंज आहे तिथे, अ‍ॅप अद्ययावत करा, जिल्हा-तालुका-गाव निवडून स्वतःचे नाव गट क्रमांक टाकून शोधा आणि लॉगिन करून ठेवा. मग शेतात जा. मोबाइलचे लोकेशन चालू, बॅटरी भरलेली. खाते क्रमांक, गट क्रमांक, हंगाम निवडला की पिकाचा वर्ग विचारला जातो. एकच पीक असेल तर निर्भेळ. सोयाबीनमध्ये तुरीचे पाटे असतील तर मिश्र पीक, आणि दोन्हींचे क्षेत्र वेगवेगळे भरायचे. इथे लोक नुसते सोयाबीन टाकून मोकळे होतात आणि तूर कागदावर उगवतच नाही.

क्षेत्र भरताना हेक्टर आणि आर नीट पाहा. तुमचे क्षेत्र १.२० हेक्टर आणि त्यात ४० आर कापूस, ८० आर सोयाबीन, तर ०.४० आणि ०.८० असेच भरायचे. त्यानंतर सिंचनाचे साधन आणि पद्धत. विहिरीचे पाणी देत असाल आणि इथे ‘अजलसिंचित’ (पाणी न दिलेले) टाकले, तर उद्या नुकसान झाल्यावर बागायतीचा दर मागताना तुमचीच नोंद तुमच्याविरुद्ध जाते. बांधावरची झाडे, फळबाग, पड क्षेत्र हेही नोंदवा.

फोटो पिकात उभे राहून काढा, बांधावरून नको. अ‍ॅप तुमचे स्थान गटाच्या नकाशाशी ताडते. ‘गटापासून दूर आहात’ असे येत असेल, तर झाडाखालून बाहेर मोकळ्यावर या, लोकेशन बंद करून पुन्हा चालू करा, दोन मिनिटे थांबा, गटाच्या मधोमध जाऊन पाहा. तरीही तेच येत असेल तर नकाशातच गट सरकलेला असण्याची शक्यता असते. तेव्हा त्या संदेशाचा स्क्रीनशॉट घ्या आणि मुदत संपण्याआधी ग्राम महसूल अधिकाऱ्यांना लेखी द्या. सहायकामार्फत नोंद करण्याची सोय अशा अडचणींसाठीच असते.

शेतात रेंज नसेल तर माहिती मोबाइलमध्येच राहते. घरी आल्यावर ती अपलोड करावी लागते. हा टप्पा विसरल्यामुळे ‘मी पाहणी केली होती’ म्हणणाऱ्यांची नोंद सरकारदरबारी नसते. चूक झाली तर अपलोडनंतर ४८ तासांपर्यंत दुरुस्त करता येते. दोन-तीन दिवसांनी गावच्या खातेदारांच्या यादीत आपले नाव रंग बदललेले दिसते का पाहा आणि हंगामाअखेर नवा सातबारा काढून नमुना १२ मध्ये पीक, क्षेत्र आणि सिंचन बरोबर चढले आहे याची खात्री करा. खरीप आणि रब्बी दोन्हींची नोंद वेगळी, मुदतही वेगळी. खरिपाची नोंद साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते. शेवटच्या आठवड्यात सर्व्हर मंदावतो. पीक हातभर आले की लगेच नोंदवा.

पीएम किसान आणि नमो

हप्ते तीन, प्रत्येकी २,००० रुपयांचे: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. इथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले. सगळ्यांच्या नावावर जमीन असली तरी लाभ एकालाच. मागच्या वर्षी आयकर भरलेला, १०,००० किंवा त्याहून जास्त मासिक निवृत्तिवेतन घेणारा, शासकीय नोकरीत असलेला किंवा त्यातून निवृत्त झालेला (चतुर्थ श्रेणी सोडून), नोंदणीकृत आणि व्यवसाय करणारा डॉक्टर, वकील, अभियंता, सनदी लेखापाल असा कुणी कुटुंबात असेल तर अर्ज करू नये. पुढे वसुलीची नोटीस येते.

नव्या खातेदारासाठी सगळ्यांत महत्त्वाची तारीख म्हणजे १ फेब्रुवारी २०१९. त्यानंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने जमीन आली असेल तर अर्ज अडतो. मृत्यूनंतर वारसाने आली असेल तर लाभ मिळतो, पण ते सिद्ध करायला फेरफाराची नक्कल लागते. म्हणून वारसाने अर्ज करताना स्वतःच्या नावाचा वारस फेरफार, मृत्यू दाखला आणि मूळ मालकाकडे जमीन २०१९ च्या आधीपासून होती हे दाखवणारा जुना फेरफार असे तिन्ही जोडावे. नुसता सातबारा जोडलेला अर्ज परत येतो. पती-पत्नी दोघेही लाभ घेत असल्याचा किंवा २०१९ नंतर जमीन नावावर आल्याचा संशय असलेल्या खात्यांचे हप्ते प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत रोखले गेले आहेत. तुमचे त्यात असेल तर हीच कागदपत्रे घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा.

लाभार्थी स्थिती पाहताना तीन ओळी बघायच्या: ई-केवायसी (ओळख पडताळणी), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलेली असणे), आधार-बँक सीडिंग. तिन्हींसमोर ‘येस’ हवे. केवायसी ‘नो’ असेल तर ओटीपीने, सीएससीत बोटांच्या ठशांनी किंवा अ‍ॅपवर चेहरा दाखवून होते. म्हाताऱ्या माणसांचे ठसे कष्टाने झिजलेले असतात, त्यांच्यासाठी चेहऱ्याचा मार्ग चांगला. लँड सीडिंग ‘नो’ असेल तर ते बँकेचे काम नाही. सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुक्याला जावे लागते. पात्र माणसाचा हप्ता अशा अडचणीमुळे राहिला असेल तर दुरुस्तीनंतर मागचे हप्तेही मिळू शकतात, त्यामुळे ‘गेले ते गेले’ म्हणून सोडून देऊ नका. मदतवाहिनी १५५२६१.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका. ती उघडल्याने खाती रिकामी झाली आहेत. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या.

अतिवृष्टी: पंचनामा होताना शेतात हजर राहा

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) मिळून पंचनामा करतात. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच क्षेत्र मोजले जाते. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर: जिरायत हेक्टरी ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक पिके २२,५००, मर्यादा २ हेक्टर. राज्य सरकार एखाद्या वर्षी यात भर घालते किंवा मर्यादा ३ हेक्टरपर्यंत नेते, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय वाचावा. हिशेब सोपा आहे: १.२० हेक्टर जिरायत सोयाबीन बाधित, तर १.२० गुणिले ८,५००, म्हणजे १०,२०० रुपये. नुकसान ४० टक्के की ८० टक्के याने दर बदलत नाही, बाधित क्षेत्राने रक्कम बदलते. त्यामुळे पंचनाम्यात क्षेत्र किती लिहिले ते सही करण्यापूर्वी वाचा.

जमीन खरडून गेली असेल किंवा ३ इंचांपेक्षा जास्त गाळ साचला असेल, तर तो पिकाच्या नुकसानीपेक्षा वेगळा रकाना आहे आणि त्याची मदतही वेगळी. सांगितल्याशिवाय तो भरला जाईलच असे नाही.

याद्या मंजूर झाल्या की प्रत्येक खातेदाराला विशिष्ट क्रमांक मिळतो, गावात त्याला व्हीके नंबर म्हणतात. यादी ग्रामपंचायतीत किंवा सजा कार्यालयात लागते. तो नंबर घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करायचे, नाव-क्षेत्र-रक्कम पडद्यावर वाचायची आणि पावती घ्यायची. आकडा चुकीचा असेल तर प्रमाणीकरण करू नका, हरकतीचा पर्याय निवडा. फार्मर आयडी असलेल्यांना ही केवायसी बहुधा लागत नाही.

महाडीबीटी

ठिबक-तुषारला अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याची पूरक मदत धरून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चावर आहे, दुकानदाराच्या बिलावर नाही. निवड, कागद अपलोड, पूर्वसंमती, खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी, अनुदान, हा क्रम आहे. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचे बिल चालत नाही. विक्रेता ‘आधी बसवून घ्या, मंजुरी नंतर येते’ म्हणाला तरी थांबा.

अडकलेच, तर

तोंडी विचारपूस कितीही केली तरी फाइलवर काहीच राहत नाही. अर्ज अर्ध्या पानाचा पुरे: ‘मौजे अमुक, गट क्र. अमुक, खाते क्र. अमुक, फार्मर आयडी अमुक. खरीप हंगामातील ई-पीक पाहणी दि. अमुक रोजी केली आहे, पंचनाम्यात क्षेत्र १.२० हे. नोंद आहे, यादीत ०.२० हे. आले आहे. दुरुस्ती करून मिळावी.’ एका अर्जात एकच मागणी. सोबत त्याच मागणीचे उतारे आणि स्क्रीनशॉट. दोन प्रती न्या, एकीवर तारीख, सही-शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाका, पोच दिलेल्या प्रतीचा फोटो तिथे जोडा.